पाठवलं त्यापेक्षा जास्त

१

नेटभाऊचं खरं नाव हॉस्पिटलात कुणाला धड आठवत नसे. नेट गेलं की ‘नेटभाऊला बोलवा’, प्रिंटर अडला की नेटभाऊ, आणि मोठ्या डॉक्टरांच्या मोबाइलवर नातवाचा व्हिडिओ उघडेना, तरी नेटभाऊच. तोही हाक आली की तळघरातल्या आपल्या खोलीतून वर यायचा, काम करायचा आणि आल्या पावली परत जायचा. पूर्वी जाताजाता एखादी कोपरखळी मारायचा. वर्षापूर्वी बायको गेली आणि कोपरखळ्या बंद झाल्या. रडलाबिडला नाही तो. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. त्याला स्वतःला धीर वगैरे काही जाणवला नव्हता. दाढेला भूल दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं सगळं झालं होतं, आणि ही भूल काही उतरायचं नाव घेत नव्हती.

घरात आता दोघंच, तो आणि सासरे. लेकीच्या आजारपणात तिच्याजवळ असावं म्हणून मामा राहायला आले होते. लेक गेली, मामा राहिले. कुठे जाणार हे त्यांनी विचारलं नाही, आणि जा असं याने म्हटलं नाही. सकाळी दोन कप चहा व्हायचा. “येतो, मामा.” “या, जावईबापू.” संध्याकाळी तेच उलटं. मधलं माणूस निघून गेलं की नात्याचं काय होतं, हे दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून दोघं एकमेकांशी अगदी जपून, परक्या घरातल्या काचेच्या भांड्यासारखं वागायचे.

अलीकडे मामांना खोकला लागला होता. “एकदा छातीचा फोटो काढून घेऊ,” नेटभाऊ म्हणायचा. “बघू,” मामा म्हणायचे. बघणं काही होत नव्हतं.

२

त्या आठवड्यात एक्स-रे अडायला लागले.

एक्स-रे निघायचे जुन्या इमारतीत आणि पाहिले जायचे नव्या इमारतीत, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. फोटो पडद्यावर वरून उलगडत यायचा. खांदे दिसायचे, गळ्याची हाडं दिसायची, दोन-चार बरगड्या, आणि खाली नुसता राखाडी पडदा. डॉक्टरीणबाई फटकळ, पण मनाने स्वच्छ. त्यांनी फोन केला.

“नेटभाऊ, मला अर्धी माणसं पाठवू नका. अर्ध्या माणसाचं निदान मला येत नाही.”

तो तळघरात सर्व्हरसमोर बसला. खोलीला खिडकी नव्हती. एसीची घरघर, पंख्यांचा एकसुरी आवाज, आणि सतत लुकलुकणारे हिरवे ठिपके. या आवाजात त्याला बरं वाटायचं. बरं म्हणजे काही न वाटणं, तेच आता बरं होतं.

दुखणं ओळखीचं निघालं. फोटो साठवायला नवीन यंत्र आलं होतं, आणि ते मोठाली पॅकेटं पाठवायचं. माहिती अशी पॅकेटांतूनच जाते. एका पॅकेटात किती मावावं याचं माप वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणी ठरवून द्यावं लागतं. नव्या यंत्राचं माप नऊ हजारांचं. सर्व्हरच्या आत जो ब्रिज होता, त्याचं मात्र जुनंच, पंधराशेचं. हा ब्रिज म्हणजे काही लोखंडी पूल नव्हे. एकाच यंत्रात नांदणाऱ्या चार-पाच सर्व्हरांना बाहेरच्या वायरीशी जोडणारी ती नुसती मनातली फळी. लहान पॅकेट आलं की फळीवरून टुणकन पलीकडे. मोठं आलं की ब्रिज ते मुकाट्याने टाकून द्यायचा. ना चूक दाखवणं, ना तक्रार. पाठवणाऱ्याला वाटायचं पोचलं, आणि घेणारा वाट पाहत बसायचा.

नेटभाऊने आधी ब्रिजला जोडलेल्या टोकांचं माप वाढवलं, मग ब्रिजचं. नऊ हजार. चाचणीसाठी एक मोठं पॅकेट पाठवलं. ते गेलं आणि परत आलं.

अडकलेले फोटो भराभर पलीकडे गेले. त्याने खुर्ची मागे ढकलली. एवढंच काम होतं.

३

दुपारी डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन.

“फोटो येतायत. छान येतायत. फक्त जरा लांब येतायत.”

“लांब म्हणजे?”

“वर या. फोनवर सांगण्यासारखं नाही.”

त्यांच्या खोलीत नेहमी अंधार असायचा, पडद्यांचा तेवढा उजेड. समोर एका बाईंच्या छातीचा फोटो होता. बरगड्या, हृदयाची सावली, सगळं जागच्या जागी. पण फोटो छातीखाली संपायला हवा होता तिथे संपत नव्हता. खाली आणखी एक पट्टा होता. पोट, कमरेचं हाड, आणि बाजूला सरळ ठेवलेला हात.

“छातीचा फोटो काढताना प्लेट इथे संपते,” डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. “याच्या खालचं आलं कुठून?”

“आधीच्या कुणाच्या फोटोचा तुकडा चिकटला असेल. यंत्राच्या मेमरीत उरतं कधीकधी.”

“मलाही तसंच वाटलं. पण हाडं जुळतायत हो. याच बाईंचं शरीर आहे ते. आणि हे बघा.”

त्याने पाहिलं. बाईंच्या हातावर दुसरा एक हात होता. फोटोच्या उजव्या कडेतून आत आलेला, मनगटापाशी कापल्यासारखा. पांढरी, बारीक हाडं. आजाऱ्याजवळ बसलेलं माणूस ठेवतं, तसा अलगद ठेवलेला.

नेटभाऊ जुन्या इमारतीत गेला. तिथला एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ गमत्या माणूस; सगळे त्याला फोटोग्राफर म्हणत आणि तोही लग्नाच्या फोटोवाल्याच्या थाटात ‘जरा हसा’ असं म्हणून पेशंटला झोपवायचा. त्याच्या यंत्रावर तोच फोटो काढून बघितला. छाती होती. पट्टा नव्हता. फोटो जिथे संपायला हवा तिथे संपत होता.

“आत कुणी होतं का बाईंबरोबर?”

“आत कोण असणार? मीसुद्धा काचेच्या पलीकडे असतो. आपल्याला काय जीव नाही?”

नेटभाऊने दोन्हीकडच्या फोटोंचं वजन ताडून पाहिलं. इथून निघालेला हलका होता. तिथे पोचलेला जड. पोस्टातलं पाकीट वाटेत फुगावं, तसं. वाटेत गळतं, सांडतं, हरवतं, हे त्याने नोकरीभर पाहिलं होतं. वाटेत वाढतं, हे पहिल्यांदा पाहत होता.

भीती वाटायला हवी, हे त्याला कळत होतं. त्याने ती येते का याची थोडी वाटही पाहिली. आली नाही.

४

“एक काम कर,” दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटोग्राफरला म्हणाला. “रिकाम्या टेबलाचा फोटो काढ.”

“रिकाम्या? कुणाच्या नावावर टाकू?”

“माझ्या.”

फोटोग्राफर सवयीने माइकवर म्हणाला, “श्वास घ्या... रोखा...” आणि स्वतःच हसला. नेटभाऊ काचेपाशी उभा होता. आत टेबलावर धुतलेली चादर, भिंतीला शिशाचा एप्रन लटकलेला. यंत्राने टक् असा आवाज केला. “सोडा,” फोटोग्राफर म्हणाला.

इथल्या पडद्यावर नुसता काळा चौकोन आला. ठीकच होतं. नेटभाऊ अंगण ओलांडून नव्या इमारतीत गेला, जिना चढला आणि डॉक्टरीणबाईंच्या दारातच थांबला. त्यांनी तो फोटो आधीच उघडला होता.

वर काळोख. खाली पट्टा. पट्ट्यात हात.

या वेळी तो कुणाच्या हातावर नव्हता. टेबलावर उताणा पडला होता, तळवा वर करून, बोटं किंचित उघडी. बस थांब्यावर म्हातारं माणूस कुणीतरी रस्ता ओलांडून देईल म्हणून हात पुढे करतं, तसा. आणि कडेपासून तो कालच्यापेक्षा बराच आत आला होता. मनगटाच्या पुढे हाताची दोन लांब हाडं दिसत होती. कोपर मात्र दिसत नव्हतं. हाडं कडेपर्यंत जात होती आणि कोपर यायचं काही चिन्ह नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी फोटो मोठा केला आणि पेन्सिलीच्या टोकाने तर्जनीची पेरं मोजली. पुन्हा मोजली. मग मधलं बोट. मग करंगळी.

“प्रत्येक बोटाला एक पेर जास्त आहे,” त्या म्हणाल्या. आवाज एखाद्या रिपोर्टातलं वाक्य वाचावं तसा सपाट होता. “तीसएक वर्षं हाडं बघतेय मी, नेटभाऊ. व्यंग असतं, ते एखाद्या बोटाला असतं, वेडंवाकडं असतं. हा हात चांगला आहे. नीट आहे. फक्त आपला नाही.”

“कुठून येतंय, ते शोधायला पाहिजे.”

“नको.” त्यांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. “तुम्ही काहीतरी मोठं केलंत ना काल? ते लहान करा.”

“फोटो हळू येतील मग.”

“येऊ देत. हळू आले तरी माणसाएवढे यायला हवेत.”

५

तळघरात जाताना तो चौकशीच्या खिडकीवरून गेला. तिथल्या मावशी फोन खाली ठेवून स्वतःशीच हसत होत्या.

“काय काय माणसं असतात बघ, नेटभाऊ. काल छातीचा फोटो काढून गेली ती बाई, तिचा फोन. आज सकाळपासून दुसऱ्यांदा. म्हणते, तुमच्या त्या नर्सबाईंना सांगा, फार मायेने हात धरला होता, पण आता सोडला तरी चालेल.”

नेटभाऊ थांबला. “तुम्ही काय म्हणालात?”

“सांगते म्हटलं. काय म्हणणार? वेड्याशी कोण वाद घालतं?”

तो खाली गेला.

दार लोटलं. खोली तीच होती, आवाज तोच. त्याने आधी साठवणाऱ्या यंत्राचं माप उतरवलं, मग टोकांचं, शेवटी ब्रिजचं. सगळीकडे पंधराशे. आता मोठं काही निघणारही नाही आणि आलं तरी ओलांडणार नाही. फोटोग्राफरला फोन करून त्याने पुन्हा रिकाम्या टेबलाचा फोटो काढायला लावला आणि पलीकडे पोचलेला फोटो इथल्याच पडद्यावर उघडला. काळा चौकोन. चौकोनाखाली काही नाही. जेवढं पाठवलं तेवढंच आलं होतं.

ब्रिज काय करतो, हे त्याच्याइतकं तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मावेना ते तो टाकून देतो. परत पाठवत नाही. टाकून दिलेलं जातं कुठे, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, कारण पॅकेट म्हणजे काही वस्तू नव्हे. ते नसतंच मग. नेटभाऊने स्वतःला एवढं समजावलं, आणि ते पटलंही.

फोन अजून चालूच होता.

“झालं का मनासारखं?” फोटोग्राफर म्हणाला. “बरं, तुमचे सासरे येऊन गेले हो. रांगेत बसले होते बिचारे, खोकत. तुमच्या नावाने मला शोधत आले. आपल्या माणसाला काय ताटकळवायचं, म्हणून घेतलं लगेच आत.”

“केव्हा?”

“मघाशीच. तुम्ही वर डॉक्टरीणबाईंकडे होतात ना, तेव्हा. का हो?”

नेटभाऊने फोन ठेवला. मामांचा फोटो पोचलेला होता. माप उतरवायच्या आधी पोचलेला. त्याने उघडला. वरून एकेक ओळ उलगडत गेली. म्हाताऱ्या, पातळ बरगड्या. उजव्या फुप्फुसात खाली थोडा धुरकट डाग; तेवढ्याची औषधं मिळतील, त्याच्या मनात आलं. मग छाती संपली आणि फोटो संपला नाही.

त्याला वाटलं होतं, हात मामांच्या हातावर असेल. तसा नव्हता. बोटांत बोटं गुंतलेली होती, दोन्ही बाजूंनी. मामांचीही बोटं घट्ट मिटलेली होती.

६

तो लवकर निघाला. रस्त्यावर नेहमीसारखी गर्दी होती, दुकानांची दारं उघडी होती, सिग्नलला एक माणूस हेल्मेट काढून कपाळ पुसत होता. आपण पळायला हवं, असं त्याला वाटलं. तो चालतच गेला.

मामा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. ऊन त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. खोकला थांबलेला होता.

“आलात? रागावू नका हं, न सांगता जाऊन आलो. म्हटलं, तुम्हाला कामात कशाला अडवा.”

“रागावत नाही, मामा. कसं वाटतंय?”

“बरं वाटतंय.” आणि मग जरा थांबून, “फार दिवसांनी.”

नेटभाऊ उभाच राहिला. मामांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. म्हणजे, दांड्याच्या किंचित वर.

“तिथे आत काळोख. टेबल गार. मी जरा घाबरलो, खोटं कशाला बोलू. तर कुणीतरी हात धरला. मला वाटलं, तो फोटोवाला. पण तो तर काचेपलीकडून ओरडत होता, श्वास रोखा म्हणून. रोखला मी. मग म्हणाला, सोडा.” मामा हसले. तोंडात दात थोडेच होते, पण हसू लेकीचं होतं. “श्वास सोडला. हात नाही सोडला.”

“मामा, तो हात...”

“बसा ना. उभे का?”

तो समोरच्या स्टुलावर बसला. आता नीट दिसत होतं. मामांच्या हाताची कातडी सैल, सुरकुतलेली. ती ठिकठिकाणी दबलेली होती. बोटांच्या मधे, पाठीवर, मनगटाकडे. दाब पडला होता तिथे कातडी पांढरी झाली होती. तो पाहत असतानाच एक पांढरा ठिपका विरला आणि शेजारी दुसरा उमटला, झोपेत कुणी पकड बदलावी तसा.

“जावईबापू,” मामा हळूच म्हणाले, “मला एक सांगा. मी बाप आहे, मला कळायला हवं खरं तर. पण माझ्या लक्षात आहे तो तिचा लहानपणीचा हात. शाळेत सोडायला जायचो ना, तेव्हाचा. मोठी झाल्यावर बापाचा हात कोण धरतं? नंतरचा हात तुम्हाला ठाऊक.” त्यांनी कोपर उचलून हात त्याच्याकडे सरकवला. “तिचाच आहे ना हो हा?”

नेटभाऊ पेरांबद्दल सांगू शकला असता. डॉक्टरीणबाईंची पेन्सिल कुठे कुठे टेकली ते सांगू शकला असता. त्याने मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी घरी आल्यासारखं दिसत होतं.

त्याने आपला हात पुढे केला, मामांच्या हाताशेजारच्या रिकाम्या जागेत.

गार असेल, असं त्याला वाटलं होतं. कोमट होतं. मऊही होतं, फार हातांतून गेलेल्या कापडासारखं. त्याने बायकोचा हात आठवून पाहिला. स्वयंपाकघरातला, आजारपणातला, अगदी शेवटचा. आठवण यायची तिथपर्यंत आली आणि अलीकडेच थांबली. तिचा हात कसा होता, ते त्याला सांगता येईना.

“हो, मामा,” तो म्हणाला. “तिचाच.”

मामांनी डोळे मिटून मान हलवली.

त्या हाताने नेटभाऊचा हात लगेच धरला नाही. आधी चाचपला. अंगठा, मग तर्जनी, बुडापासून टोकापर्यंत, पेर पेर करत. टोकाशी आल्यावर ते चाचपणं थांबलं नाही. आणखी थोडं पुढे सरकलं, जिथे अजून एक पेर असायला हवं होतं. तिथे ते जरा घुटमळलं. मग पुढचं बोट. मग त्याच्या पुढचं.

सगळी बोटं तपासून झाली, आणि मग तो हात त्याच्या हाताभोवती मिटला.